दोन डिस्कचा डबा

नाही, तो नको, तो मघाशीच दाखवलात — दिसायला देखणा, पण आत एकच डिस्क, ती गेली की बसा बोंबलत. मला फोटो साठवायला दोन डिस्कचा डबा हवा, घरात राऊटरशेजारी ठेवायचा, महिन्याच्या महिन्याला कुणाच्या तोंडाकडे बघायला नको असा. हसू नका. म्हातारी आहे, अडाणी नाही. इस्पितळाची रेकॉर्ड रूम एकतीस वर्षं सांभाळलीय मी — मोठे डॉक्टरसुद्धा सही केल्याशिवाय फाइल हलवू शकत नव्हते. आणि आता माझ्याच नातीचे फोटो परक्याच्या माळ्यावर ठेवायचे, वर भाडंही मीच भरायचं? का म्हणून? मुलगा म्हणतो, आई, क्लाऊड असताना हे खूळ कशाला. म्हणू दे. त्याचं काय जातंय — त्याने तर संसारच मोडला.

संसाराचा आणि डब्याचा काय संबंध? आहे ना. क्लाऊडवर आमचं खातं एकच, सगळ्या घराचं, माझ्या नावावर. सुनेच्या फोनवर फोटो निघायचे, कधी ती काढायची, कधी मुलगा, ते आपोआप त्यात जायचे — नात जन्मल्यापासूनची पाच वर्षं. ती पाचही वर्षं गेली. कशी म्हणजे? गेली. नाही हो, बिघाड नव्हता, उगाच कुणाला कशाला नावं ठेवू — पुसली गेली. बरं, ते राहू दे, मला हे सांगा, या एका डिस्कवरचं पुसलं तर दुसरीवर राहतं ना? नाही? दोन्हीकडचं जातं? मग दुसरी घालता कशाला — हां, पहिली बिघडली तर. म्हणजे यंत्राची खोड निघाली तर सोय आहे, माणसाची निघाली तर नाही.

बघताय काय असे? मीच पुसले. सून घर सोडून गेली त्याच आठवड्यात, भर दुपारी, चष्मा लावून, एकेक करून. तिचं तोंड बघायचं नव्हतं मला — दिसली की पूस, दिसली की पूस. आणि नात तर सदा तिच्याच कडेवर, मग उरणार काय? मला वाटलं माझ्या फोनमधले जातील, तिचे तिच्याकडे राहतील. कुठले राहतायत, खातं एकच ना! तीस दिवस कचऱ्याच्या टोपलीत राहतात म्हणे — तीही मी लगेच रिकामी केली. रेकॉर्ड रूमची शिस्त, रद्दी काढली की त्याच दिवशी बाहेर. तिचा फोन आला, आई, फोटो दिसत नाहीत. म्हटलं, बघते. दोन महिने नुसतं बघते, बघते. शेवटी गेले तिच्या दारात आणि सांगून टाकलं. दोन शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं मला. ती सरळ आत गेली, काच फुटलेला एक जुना फोन घेऊन आली. म्हणाली, "पहिल्या वर्षाचे यात आहेत, एवढेच उरलेत." आणि माझ्या हातात दिला हो — माझ्या!

तर तो हा, या रुमालात. यातलं सगळं डब्यात उतरल्याशिवाय मी या स्टुलावरून उठायची नाही, सांगून ठेवते. शिवाय एक सुटी डिस्क द्या, तिच्यावर वेगळी प्रत — ती वायर न लावता कपाटात राहील. माझ्या नाही, सुनेच्या. डबाही तिच्याच घरी. पैसे मी देते म्हणून माझ्या घरी हवा, असं कुठे लिहिलंय? मुलाला विचारायचं नाही, मी त्याची आई आहे, तो माझी नाही. मालक म्हणून तिचं नाव घाला, पासवर्ड तिलाच पाठवा, मी तिकडे तोंड करून बसते हवं तर. माझं नाव खाली. आणि ते काय म्हणालात मघाशी — नुसतं बघता येतं, पुसता येत नाही — ते माझ्यासाठी. हो, कायमचं. उद्या मी बदलून मागायला आले तरी द्यायचं नाही. लिहा आता, माझ्याकडे बघत बसू नका.