शब्बाथ लागला तेव्हा माझ्या हातात पाईप होता

मी शमुवेल, रेवदंड्याच्या बाजूचा, आमचा तेलाचा घाणा होता आणि शनवारी तो बंद असायचा, म्हणून गावात आम्हाला शनवार तेली म्हणायचे. यहुदी म्हंजे काय ते गावाला ठाऊक नव्हतं आणि खरं सांगायचं तर आम्हालाही फारसं नव्हतं. सुक्रवारी दिवस मावळला की शब्बाथ लागायचा, आई दिवा लावायची, शमाची प्रार्थना म्हणायची, मंग शनवारभर चूल पेटायची नाय. एवढाच आमचा धर्म, ताई.

आणि मी झालो वेल्डर. रोज आगच पेटवायची.

सौदीत जुबैलला गेलो तेव्हा एजंटानं फॉर्मवर ख्रिश्चन लिहिलंन. मी म्हटलं, अरे पण मी तो नाय. तो म्हणाला, खरं लिहिलं तर जाणार नाहीस, मंग बस घरी. मी सही केली. तिकडं सुट्टी सुक्रवारची, शनवारी कामावर जायलाच लागायचं. मंग मी आपलं एक ठरवलं, काम करीन पण शनवारी वेल्डिंगचा आर्क पेटवणार नाय. पाईप मोजीन, खुणा करीन, पत्रे लावून देईन. माझी शनवारची वेल्डिंग इस्माईल करायचा, तो दापोलीकडचा, आणि त्याचा सुक्रवारचा ओव्हरटाईम मी करायचो म्हंजे त्याला नमाजाला जाता यायचं. नऊ वर्षं असं चाललं. त्यानं कधी विचारलंन नाय आणि मी कधी सांगितलं नाय.

मंग ते सौदीकरण आलं. सौदी माणसं शिकवून तयार करायची आणि आपली कमी करायची. आमच्या शेडमध्ये दोन चार्जहँड होते, म्हंजे मुकादम, मी आणि नाशिकचा मोरे, आणि सांगण्यात आलं की एकच राहील. मोरे वाईट नव्हता हो, काय सांगू तुम्हाला, माझ्या ताटात जेवलेला माणूस, मला ताप आला तेव्हा कपाळावर पट्ट्या ठेवल्यान. पण भीती वाईट. तीन मुली त्याला.

एका सुक्रवारी दिवस कलताना मी आंघोळीला गेलो आणि त्यानं माझी पेटी उघडलीन. आत बापाची तल्लेथ होती, आमची प्रार्थनेची शाल, आणि हिब्रू अक्षरांचं जुनं पुस्तक. कँटीनमध्ये टीव्हीवर इस्रायलच्या लढाईच्या बातम्या चालू होत्या, मेलेली पोरं दाखवत होते, माणसं आधीच पेटलेली. मोरे पुस्तक घेऊन तिथंच गेला आणि हिंदीत म्हणाला, हा सामू यहुदी आहे, हा पकडला गेला की आपण सगळे आत जाऊ.

मी टॉवेलवरच होतो. केसाला धरून ओढत मला आवारात आणला. सात-आठ जण असतील, निम्मे आपलेच, सगळ्या जातीधर्माचे. कुणी लाथ मारतोय, कुणी बेल्ट. दोन दात तिथंच पडले. बोल तू कोण आहेस, बोल. मी म्हटलं, ख्रिश्चन आहे, देवाशप्पथ ख्रिश्चन आहे. होय ताई, बोललो मी तसं. दोनदा बोललो. मंग मोरेनं स्कॅफोल्डिंगचा पाईप घेतलान आणि माझ्या उजव्या हातावर घातलान, वेल्डरच्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

तेवढ्यात इस्माईल धावत आला नि सरळ माझ्या अंगावर पडला. दुसरा घाव त्याच्या कानावर बसला, रक्त माझ्या तोंडावर आलं. कुणीतरी ओरडला, तुला माहीत होतं का हा कोण आहे?

इस्माईल म्हणाला, नऊ वर्षं माहीत होतं. शनवारी आग न पेटवणारा माणूस दुसरा कोण असेल? आता मारा मला.

माणसं मागं सरली. मोरेच्या हातनं पाईप पडला. तिथं थांबायला हवं होतं ना? मी थांबलो नाय. डाव्या हातानं पाईप उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. तो पडला तरी मारत होतो. सामू बस, सामू बस, इस्माईल ओरडत होता. मोरे हात जोडत होता, मी त्या हातांवरही मारलं. मगरिबची अजान झाली, म्हंजे दिवस मावळला, म्हंजे माझा शब्बाथ लागला होता. नऊ वर्षं ज्या दिवशी ठिणगी पाडली नाय त्या दिवशी मी माणूस जवळजवळ मारला.

कँपचा मुदीर, म्हंजे मॅनेजर, आला, वयस्क सौदी. सगळे म्हणाले, हे परांचीवरून पडले. मोरेही तेच म्हणाला. मुदीरनं ते पुस्तक उचललंन, धूळ पुसलीन, माझ्या हातात दिलंन आणि म्हणाला, खलास, दोघेही घरी जा. एकाच विमानात आलो आम्ही, तो व्हीलचेअरवर. इस्माईलचंही नाव सहा महिन्यांनी कमी करायच्या यादीत आलं. एका कानानं ऐकू येत नाय त्याला. ईदला मी त्याच्याकडं जातो, तो माझ्या उजवीकडं बसतो, म्हंजे चांगला कान माझ्याकडं.

आता माझा हात मिटत नाय. मुलगा इस्रायलला. तो म्हणतो, डॅडी, इथं शनवारी आम्ही समुद्रावर जातो, एवढं कोण पाळतं. त्याच्या हातनं कुणाचा गुडघा फुटलेला नाय. इथं गावाकडं सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायला तीन गावांत फोन करावे लागतात.

वर्षाचा आमचा मोठा उपास, दारफाळणीचा सण. त्या दिवशी देव पापं माफ करतो, पण माणसाविरुद्ध केलेलं पाप नाय, ते त्या माणसाकडंच जाऊन मागायचं. म्हणून मी नाशिकला गेलो. मोरे काठी घेऊन दारात आला. मी म्हटलं, मला माफ कर. त्यानं काठी भिंतीला टेकवलीन. मंग म्हणाला, मला नाही जमत, शमुवेल. चहा घेऊन जा.

पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. चहा त्यानं स्वतः केलान, पण माफी नाय.

तीनदा विचारावं असं आमच्यात सांगतात, पुढं बंधन नाय. या वर्षी तिसरी खेप. तिकीट काढलंय. तो नाय म्हणाला तर चौथ्यांदा जाईन, मला कोण अडवतंय. तुमचं भलं होवो, ताई, बसा, जेवूनच जा.