बांगड्या कावून काढू?

तुमी हसताल, पण दुखणं छातीत अन् डॉक्टर मनगट धरतो, तवा बाईमाणसानं इचारायलाच पायजे. मला बीडच्या एका दवाखान्यात अँजिओग्राफीला नेलतं. मी म्हणलं, "दुखतंय छातीत, मग नळी हातातून कावून घालता?"

"मावशी, मनगटातून नळी सरळ हृदयापर्यंत जाते. रक्त कुठं अडतंय का, ते बघायचंय."

"नुसतं बघायचंच ना? का आत नेऊन दुसरंच काही बसवताल?"

"तुम्हाला विचारल्याशिवाय काही नाही करणार."

तेवढ्यात सिस्टर म्हणली, "मावशी, उजव्या हातातल्या बांगड्या काढा."

माझं डोस्कंच फिरलं. "नवरा भाईर जित्ता बसलाय अन् मी बांगड्या काढू? मी आत झोपलेली अन् भाईर त्याचं काही बरंवाईट झालं म्हंजे? हात तर लावून बघ!"

डॉक्टर शांतपणे म्हणला, "राहू द्या बांगड्या. मनगटातून नाही तर जांघेतून नळी घालू. सिस्टर, तिकडची तयारी करा."

मी झटकन हात पुढं केला. म्हणलं, "काढ बाई, काढ. चांगला धडधाकट हाय, त्याला काय होतंय!"