शेऱ्यांचा रकाना

गजभिये ताई तुम्हाला माहीत नसतील. दिल्लीत करोल बागेत राहतात, सरकारी नोकरीतून रिटायर झाल्यात. आमची कंपनी अ‍ॅप बनवते, त्यातली सगळी वाक्यं त्याच मराठीत करून देतात. या वेळचं अ‍ॅप दिल्लीजवळ मानेसरच्या एका कारखान्याच्या कामगार बसचं होतं, तिथे आपल्या विदर्भातले बरेच जण कामाला आहेत.

मी ताईंना वाक्यांची नुसती यादी पाठवली, तर त्यांनी ती तशीच परत केली. म्हणाल्या, "अरे, हे कोण वाचणार, कुठे उभा राहून वाचणार, ते शेजारी लिही. त्याशिवाय मी हात लावणार नाही."

मग मी प्रत्येक वाक्याशेजारी शेरा लिहिला. ताईंनी पुढच्या रकान्यात अनुवाद भरला. आणि मी काय केलं, तर अनुवाद सोडून शेऱ्यांचा रकानाच अ‍ॅपमध्ये चढवला.

सकाळी सातला तिथले सुपरवायझर वानखेडे यांचा फोन आला. "साहेब, बस चुकली की स्क्रीनवर येतंय, 'इथे जरा प्रेमाने बोला, बिचारा आधीच थंडीत उभा आहे.'"

मी माफी मागितली. म्हटलं, दहा मिनिटांत सगळं काढतो.

"बाकीचं काढा, एवढं राहू द्या," ते म्हणाले. "मागून येणाऱ्या बसचा ड्रायव्हर आपल्याकडचाच, पण एरवी दुसऱ्या बसच्या माणसाला घेत नाही. आज एकाने त्याला मोबाइल दाखवला, तर त्याने वाचलं आणि गुपचूप दार उघडलं."