चेक वर्षाला, पाकीट महिन्याला

बँकेच्या रांगेत म्हाताऱ्या शिंपीणबाईंनी परदेशी चेक पिशवीतून काढला, तसं रांगेत मागे उभ्या असलेल्या ड्रायव्हरने विचारलं,

“कुणी धाडला, आजी?”

“लेकीनं. दर महिन्याला धाडते, पण निम्मा बँकच गिळते.”

“अहो, चेक लहान असो की मोठा, बँक कापते चेकमागे तेवढंच. वर्षाचा मिळून एकच मागवा.”

“देव तुझं भलं करो! आजवर कुणी बोललं नाही रे. पण मग तिचं पाकीटही वर्षातून एकदाच येणार?”

“पाकिटात काय ठेवलंय?”

“त्यावर ती माझं नाव लिहिते. तेवढंच वाचता येतं मला.”

“मग पाकीट येऊ द्या की दर महिन्याला! रिकाम्या पाकिटातून बँक काय कापणार?”

“थांब, हलू नकोस. शर्टाचं बटण लोंबतंय तुझं. सुई आहे माझ्याकडे.”