मैथिलीने शेवट आधी सांगितला, त्याचे आख्यान

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभी आहे. सोपा आहे, पण उत्तर मनातल्या मनात द्यायचं. मोठ्यानं दिलंत तर शेजारी बसलेले तुम्हाला ओळखतील!

समजा, एक जागा आहे. तिथं तुमचा चेहरा कुणी पाहिलेला नाही. खरं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, तुमच्या आईचा फोन नंबर तर कुणाकडेच नाही! अशा जागी तुमच्या हातून चूक झाली. मोठी चूक – दुसऱ्याच्या काळजाला लागेल अशी. आणि तिथून निघून जायला नुसता अंगठा टेकवायचा अवकाश आहे. तर – थांबाल, की सटकाल?

बघा, मागच्या रांगेतले दोन काका आत्ताच चपला शोधायला लागले! बसा काका, अजून आख्यान लावायचंय.

आता तुम्ही म्हणाल, आख्यान म्हणजे कुणीतरी राजा असणार. आहे ना – पण इंग्लंडचा, आणि तो आपल्या कथेत येत नाही. कथेत येते मिरजेची मैथिली गुरव. इयत्ता नववी. मंडळी, ऐका!

मैथिलीचे वडील दिनकर गुरव. घरात त्यांना अप्पा म्हणतात. पेटी वाजवतात – कुठल्याही गावचे कीर्तनकार बुवा मिरजेत आले, की साथीला अप्पा ठरलेले. आणि अप्पांच्या मांडीला मांडी लावून, पेटीच्या भात्याचा वारा खात बसलेली ही पोरगी. चालायला लागली तेव्हापासून कीर्तनं ऐकतेय. पण वर्गात? वर्गात तिचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. हजेरीला "उपस्थित" म्हणायची तेही इतकं हळू, की बाईंनी तिला दोनदा गैरहजर लावलं. बाकावर बसून गैरहजर! हेही एक कौशल्यच म्हणायचं.

तर या मुक्या मैथिलीला एक वेड लागलं. टीव्हीवरच्या एका इंग्रजी मालिकेचं. मालिकेचं नाव 'इन्स्पेक्टर लॅम्बर्न'. आता हे काय, विचाराल. सांगते. इंग्लंडातलं एक ओलंगार खेडं. दर भागात तिथं एक खून होतो. (एवढंसं खेडं, एवढे खून, तरी लोक तिथंच राहतात. घरं स्वस्त मिळत असतील!) आणि तो खून उलगडायला येतात लॅम्बर्नसाहेब. म्हातारे, गुडघे दुखणारे, सोबत एक कुत्रा. ओरडत नाहीत, धावत नाहीत. समोरच्याचं ऐकून घेतात, इतकं शांतपणे ऐकून घेतात की खोटं बोलणाऱ्याला आपलीच लाज वाटायला लागते. मैथिलीला वाटायचं, असा एक माणूस आपलंही ऐकून घेईल तर!

पण हे सांगणार कुणाला? वर्गात कुणी ही मालिका बघत नव्हतं. मैत्रिणींना नाव सांगितलं तर त्या म्हणाल्या, हे कुठलं बिस्किट?

आणि एके दिवशी तिला फोनवर सापडला लॅम्बर्नच्या चाहत्यांचा कट्टा. जगभरातली माणसं तिथं जमतात आणि फक्त लॅम्बर्नसाहेबांबद्दल बोलतात. सत्संगच म्हणा ना! पण आत शिरायला परीक्षा. कट्ट्याचे व्यवस्थापक कॉलिन म्हणून एक गृहस्थ, भारी कडक. त्यांनी विचारलं, साहेब चहात साखर किती घेतात? शंभरातले नव्वद इथंच नापास होतात, म्हणे. मैथिलीनं लिहिलं, घेतच नाहीत. साखरेची वडी खिशात टाकतात आणि जाता जाता तबेल्यातल्या घोड्याला देतात. कॉलिनसाहेब खूश! पोरीला प्रवेश! तिथं तिनं नाव घेतलं 'पेटीवाली'.

आणि मंडळी, मुकी पोरगी बोलायला लागली की! भिंतीवरचं घड्याळ मागे का होतं, पाद्रीबाबांच्या बुटाला चिखल का नव्हता, यावर रोज चर्चा. इंग्रजी मोडकंतोडकं, पण कुणी हसलं नाही. उलट कुणी कॅनडाहून विचारायचं, पेटीवाली, तुला काय वाटतं? तुला काय वाटतं! हा प्रश्न त्या पोरीला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता. याची किंमत ज्याला रोज विचारतात त्याला नाही कळायची.

आता त्या कट्ट्यावर एक रीत होती. दर रविवारी सगळ्यांनी आपापल्या घरी एकाच वेळी मालिकेचा एक भाग लावायचा. तिकडे दुपारची जेवणं उरकतात, इकडे मिरजेत दिवेलागण होते, ती वेळ. आणि दुसरी रीत – नव्या सभासदानं आपली ओळख करून द्यायची, ती अशी: तुमच्या घरी, तुमच्या पद्धतीनं, लॅम्बर्नची गोष्ट तुम्ही कशी सांगाल ते लिहा. नियम एकच, खुनी कोण ते सांगायचं नाही.

मैथिलीला आनंद मावेना. आपल्या पद्धतीनं! मग पद्धत कुठली? ती एकच पद्धत ओळखत होती. अप्पांच्या शेजारी बसून ऐकलेली.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे बुवा आख्यान कसं लावतात? पहिल्याच ओळीत सांगून मोकळे होतात – ज्या भक्ताला देवानं शेवटी पोटाशी धरलं, त्या भक्ताची कथा ऐका! झालं, शेवट सांगितला. त्यानं कुणी उठून जातं का? उलट मांडी ठोकून बसतं. ही मधली आजी वाती वळत बसलीय, हिनं एकेक आख्यान पन्नास वेळा ऐकलं असेल. तरी डोळ्याला पदर लागतोच. कारण आपल्याला 'काय होणार' नको असतं, 'कसं होतं' ते हवं असतं.

मैथिलीनंही तसंच केलं. गुरुवारी संध्याकाळी झोकात पहिली ओळ लिहिली – जे लॅम्बर्नसाहेब कड्यावरून पडूनही वाचले आणि शेवटी आपल्या कुत्र्याला घेऊन समुद्रकाठच्या घरात सुखानं राहिले, त्यांची कथा ऐका! पुढे दोन पानभर कथा. खुनी कोण? अवाक्षर नाही. नियम पाळला. पाठवली, आणि गाढ झोपली.

शुक्रवारी शाळेतून आली, दप्तर टाकलं, फोन उघडला.

कट्ट्यावर नुसता गदारोळ! पेटीवाली, हे काय केलंस? कॉलिनसाहेबांनी तिचं लिखाण काढून टाकलेलं. आणि तिला खासगीत निरोप. त्यात सगळा उलगडा होता.

कट्ट्यावर एक विनिफ्रेडबाई आहेत. कट्ट्यातल्या सर्वांत जुन्या. त्या आणि त्यांचे यजमान आर्थर, दोघं मिळून ही मालिका बघायचे. शेवटून दुसऱ्या भागात साहेब कड्यावरून खाली पडतात, आणि भाग संपतो. त्या आठवड्यात आर्थर गेले. विनिफ्रेडबाईंनी शेवटचा भाग आजतागायत पाहिलेला नाही. कट्टा दर वेळी पहिल्या भागापासून सुरू करतो, बाई सगळे भाग बघतात, आणि शेवटचा रविवार आला की गैरहजर. येता रविवार नेमका तोच, शेवटच्या भागाचा. साहेब वाचतात की जातात, हे त्यांना ठाऊक नाही. आणि सगळ्या कट्ट्यानं, जगभरच्या शेकडो माणसांनी, ते त्यांच्यापासून इतकी वर्षं जपलं. नव्या माणसाला ते सांगायचं कॉलिनसाहेब या खेपेला विसरले. निरोपाच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं – बाई रोज सकाळी चहा पिताना कट्टा वाचतात. तुझं लिखाण काढण्याआधी त्यांनी वाचलं की नाही, मला माहीत नाही.

बघा मंडळी! शेकडो माणसांनी जपलेला दिवा, आणि आपल्या पोरीनं आनंदाच्या भरात एका फुंकरीनं विझवला.

मैथिली भिंतीला टेकून बसली. फोनवर एक बटण होतं – सभासदत्व रद्द करा. दाबलं की पेटीवाली संपली. कोण पेटीवाली? कुठली? मिरज नकाशात शोधायला तरी कोण येतंय! आणि मनातला वकील सुरू झाला. हा वकील आपल्या सगळ्यांकडे असतो बरं का, फी न घेता चोवीस तास. तो म्हणाला, नियम तर तू पाळलास. लिखाण काढलंय. बाईंनी वाचलंही नसेल. जा गुपचूप.

अंगठा बटणावर गेला.

पलीकडे अप्पा पेटी उघडून सूर साफ करत बसले होते. त्यांनी लेकीचा चेहरा पाहिला आणि काय झालं ते विचारलं. तिनं रडत रडत सगळं सांगितलं. अप्पांना लॅम्बर्न कळले नाहीत, कट्टा अर्धामुर्धा कळला, म्हातारी मात्र पूर्ण कळली.

त्यांनी सुरांवरची धूळ झटकली. मग म्हणाले, "मी नवीन होतो तेव्हा बोट चुकलं की हात उचलायचो. पेटी गप्प. मग अख्ख्या देवळाला कळायचं, आणि बुवा बिचारे मध्येच एकटे पडायचे. आता चुकलो तर हात तिथंच ठेवतो गं. शेजारचा बरोबर सूर सापडेपर्यंत."

"आणि सगळ्यांनी बघितलं तर, अप्पा?"

"बघतील की. पण बुवांना सोबत तर राहते."

एवढंच. अप्पा पुन्हा पेटीत डोकं घालून बसले.

मैथिलीनं बटणावरचा अंगठा काढला. आणि विनिफ्रेडबाईंना थेट पत्र लिहिलं. काय लिहिलं? वकिलाचं एक वाक्य घातलं नाही! लिहिलं – कट्ट्यावर शेवटाबद्दल जे आलं, ते मी लिहिलं होतं. आमच्या देवळात गोष्ट अशीच सुरू करतात, म्हणून मला ते चूक वाटलंच नाही. पण त्यानं तुमचं जपलेलं काही मोडलं असेल, तर ते माझ्या हातून मोडलं. मी कट्टा सोडून जात नाहीये. तुम्हाला रागवायचं असेल तर मी इथंच आहे. आणि खाली सही – पेटीवाली नाही! मैथिली दिनकर गुरव, मिरज, इयत्ता नववी.

पाठवलं. आणि मग मंडळी, ती रात्र आणि दुसऱ्या दिवशीची सकाळची शाळा! भूगोलाच्या तासाला बाईंनी समुद्र म्हटलं तरी हिच्या हातातली पेन्सिल खाली. इंग्लंड म्हटलं असतं तर चक्करच आली असती.

शनिवारी दुपारी उत्तर आलं. तिनं ते स्वतः उघडलंच नाही. अप्पांच्या हातात फोन दिला. अप्पा म्हणाले, मला इंग्रजी येत नाही, तूच वाच. पळवाट बंद! वाचावंच लागलं.

विनिफ्रेडबाईंनी लिहिलं होतं:

"मैथिली, मी तुझी पहिली ओळ वाचली. चहा निवून गेला तरी मी ती वाचत होते. इतकी वर्षं सगळ्यांना वाटलं, मी शेवट राखून ठेवलाय. मी राखून ठेवला नव्हता, मला भीती वाटत होती. आर्थर गेला तेव्हा मी पलंगाशी बसले होते. आणखी एका म्हाताऱ्याला जाताना बघायचं बळ माझ्यात नव्हतं. मी का बघत नाही, हे मला कुणी विचारलंच नाही. सगळे फार चांगले आहेत, म्हणून गप्प राहिले. आता कळलं, तो वाचतो. कुत्राही सोबत असतो. उद्या मी शेवटचा भाग बघणार आहे. तू असशील ना?"

मैथिलीनं फोन खाली ठेवला. आणि काय केलं असेल? आधी हसली, मग रडली, मग ताटभर पोहे खाल्ले. कालपासून पोटात काही नव्हतं! अप्पांनी विचारलं, काय म्हणते म्हातारी? ती म्हणाली, "उद्या ये म्हणतीय, अप्पा." अप्पांनी मोठा श्वास सोडला, पेटीच्या भात्यासारखा, आणि म्हणाले, मग मलाही घे.

रविवार आला. दिवेलागणीला बापलेक फोनसमोर बसले. तिकडे कुठल्याशा इंग्रजी गावात एक म्हातारी खुर्ची ओढून बसली. साहेब कड्याखाली पडलेले, धुकं, कुत्रा भुंकतोय. कट्ट्यावर शेकडो माणसं श्वास रोखून – साहेबांसाठी नव्हे, बाईंसाठी! आणि बाई? बाई मधूनच लिहीत होत्या, अहा, हा झुडपात अडकला होय! अरे, दोर तर बघा! निवांत! जसं आपण आख्यान ऐकतो तसं. शेवट ठाऊक होता ना!

साहेब समुद्रकाठच्या घराचं दार उघडून आत गेले. कुत्रा आत गेला. पडदा काळा झाला. मग बाईंची ओळ आली – "पोचला घरी. आज रात्री मीही शांत झोपेन."

आणि कॉलिनसाहेब, ते कडक गृहस्थ, त्यांनी सगळ्यांसमोर लिहिलं, पेटीवालीला आधी सांगायला मी चुकलो. पुढच्या रविवारी पहिला भाग पुन्हा लागेल, तेव्हा तिनं तिच्या पद्धतीनं तो लावावा. सोमवारी वर्गात हजेरी झाली. मैथिलीनं "उपस्थित" म्हटलं, आणि बाईंनी चष्म्यावरून वर बघितलं. खिडकीतला कावळा उडाला म्हणतात!

तर मंडळी, आता तुमच्याकडे वळते. हसलात, बरं वाटलं. पण खिशातला फोन काढा बघू. काढू नका, नुसता आठवा. 'अमुक यांनी ग्रुप सोडला.' हे वाक्य तुमच्या नावानं कुठं कुठं लिहिलेलं आहे? भावकीच्या ग्रुपमधून कोण निघून गेलं? लग्नात एक शब्द चुकून गेला, आणि बहिणीच्या घराचा रस्ताच कुणी बदलला? चूक होती म्हणून नाही हो गेलात. चुकीसमोर बसायला लाज वाटली म्हणून गेलात. आणि तिकडे समोरचं माणूस? ते रागावलंय असं तुम्ही ठरवून टाकलंत. त्याला विचारलं कुणी? विनिफ्रेडबाईंना शेकडो माणसं जपत होती, विचारलं कुणी नाही. पळणाऱ्याला हे कधीच कळत नाही, कारण उत्तर येतं तेव्हा तो तिथं नसतो.

आणि देवाचं सांगू? त्याच्याही कट्ट्यावर आपण सगळे आहोत. तिथं टोपणनाव चालत नाही, आणि बाहेर पडायचं बटण त्यानं ठेवलेलंच नाही! चुकलेला हात तिथंच राहू दे, एवढंच तो मागतो.

तेव्हा आज प्रसाद घेऊन घरी गेलात की एकच करायचं. जिथून सटकलात तिथं जायचं, आणि खऱ्या नावानं एक ओळ लिहायची. उत्तर येईल का, काय येईल, ते मला विचारू नका. थांबलात तर कळेल.

पेटीवाले काका, धरा सूर. आणि काका – बोट चुकलं तरी हात उचलायचा नाही बरं का! मंडळी, हात जोडा, मोठ्यानं नाव घ्या. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे!