खुंटीवरची वर्दी

...न्हाई, तुमाला सांगतो, आरमारात जाऊ नये, आन गेलाच तर सुट्टीला परळातल्या आमच्या हिर्डोशीच्या गाववाल्यांच्या खोलीवर जाऊ नये, कारन तितला कायदा एकच, खुंटीवरचं ते समद्यांचं. गिरनीत खपनारी डोंगरातली मानसं, धड सदरा समद्या खोलीत एकच, मग ज्याला पोरगी बघायला जायचं त्यानं तो घालायचा, इचारायचं कुनाला न्हाई. आमचा चिमाजी हे इसरला. लढाईचं दिस, बोट मुंबईला लागली, एका रातीची सुट्टी गावली, अंगात पांढरी फेक वर्दी... संगतीचा खलाशी आनंदराव म्हनला, "चल मर्दा, शिनेमाला." हा म्हनला, "आधी गावकऱ्यांस्नी तोंड दावतो." तोंड कसलं, वर्दी दावायची हुती. सकाळच्या भोंग्याला बोटीवर वर्दीत उभा न्हाई ऱ्हायला तर गावाकडची रजा बुडनार, आन तिकडं धोंडाबाई, त्याची आई, पोराला वर्दीत बघायला डोळं लावून बसल्याली.

खोलीत पाय ठिवला तर गेनबा म्हातारा, "आरं मळंल की, काढ ती, माजं धोतर घे, भाकर खा." काढली. ठिवली कुठं? खुंटीवर. आता बोला. ह्याची भाकर खाऊन हुईस्तवर वर्दी चालली शिवडीला, खोलीतल्याच ज्ञानूच्या अंगात, पोरगी बघायला. गेनबा म्हनतो, "येईल की, वरडतुस काय, खुंटीवरचं ते समद्यांचं." येतोय कसला, पोरीच्या बापानं आरमारी जावई गावला म्हनून रातभर ठिवून घेतला. शिनेमावरनं परतताना खाली आनंदराव हाका मारतोय, आन हा धोतरात, दाराआड.

सकाळी तसाच गोदीत गेला. दारावरचा गोरा म्हनतो, "हमाल लोग उधर." म्या खलाशी हाय म्हनायला ह्याची जीभच उचलंना... खुंटीवरचं समद्यांचं, पर लाज मातूर ज्याची त्याची. कोळशाची पाटी डोईवर घेतली आन आपल्याच बोटीवर हमाल हून चढला. वर आनंदरावानं बघितलं, सायबानं बी. रजा गेली, वर शिक्षा म्हनून कोळशालाच जुपला.

सांच्याला ज्ञानू बोटीवर आला, वर्दीतच, दारावर त्याला कुनी अडवलं बी न्हाई. "चिमादादा, ठरलं. लगीन गावाकडं, पर सासरा म्हनतोय, नवरदेव वर्दीतच पायजे."

चिमाजी काळ्या हातांकडं बघत म्हनला, "ने बाबा. फकस्त वरात आमच्या दारावरनं, जरा लांबनं, जाऊ दे. आईला लांबचं नीट दिसत न्हाई."