रविवारची उलटी पाटी

काकू, जमलेले सगळे वडीलधारे, मायबहिणी, आणि इथं समोर सतरंजीवर बसलेले पोट्टेहो.

मी संगीता. याच तळेगावची लेक, शेतात निंदायला जाणाऱ्या यमुनाबाईची. सासर इथून दोन गावं पलीकडं. वाचनालयाच्या सेक्रेटरींचा फोन आला, म्हणाले, काकाजींच्या शोकसभेत दोन शब्द बोला. मी हो म्हटलं. शुद्ध बोलायचं असं ठरवून आले होते, पण या खोलीत पाय ठेवला की माझी जीभ लहानपणीची होते. सांभाळून घ्या.

आज रविवार आहे ना? सकाळचे नऊ वाजून गेले ना? मग या खोलीत एवढी शांतता कशी?

जे बाहेरगावाहून आले त्यांना सांगते. दाराजवळ खिळ्याला ती पाटी आहे, 'शांतता राखा'. मनोहर काकाजी या वाचनालयाचे ग्रंथपाल, आणि आठवडाभर ते त्या पाटीचे सख्खे भाऊ. पेपर वाचताना कोणी नुसतं खाकरलं तरी चष्म्यावरून बघायचे. पण रविवारी कुलूप काढलं की पहिलं काम एकच. पाटीचं तोंड भिंतीकडं करायचं. उलटी पाटी. मग आमच्याकडं वळून म्हणायचे, "हं, बोला आता."

आणि आम्ही बोलायचो. काय बोलायचो! बाजूचा चहावाला दुकान सोडून बघायला यायचा की भांडण लागलं का काय.

काकाजींचा एक नियम होता. पोराचं कार्ड पोराच्या नावानं निघायचं नाही. घरातल्या मोठ्या माणसाच्या नावानं निघायचं, आणि त्या माणसानं एका रविवारी इथं येऊन बसायचं. माय, बाप, आजी, कोणीही. मी हट्ट केला, काकाजी, माझी माय कामाला जाते, द्या ना तसंच. ते म्हणाले, "एकटं पोट्टं पुस्तक नेते, अन् पुस्तक एकटंच वापस येते. घरच्यायले घेऊन ये."

मायला निरोप सांगितला. तिला वाटलं, पोरीनं काहीतरी उपद्व्याप केला म्हणून बोलावणं आलं. रविवारी निंदणाला जाता जाता आली, हातात खुरपं, डोक्यावर डबा. उंबरठ्याबाहेरच बसली आणि पहिलाच प्रश्न, "पोरीनं काई फाडलं का जी?"

काकाजी म्हणाले, "नाई. तुमाले गोष्ट सांगाले बोलावलं."

"मले वाचता नाई येत जी."

"वाचाले कोण सांगून राह्यलं? सांगता तर येते न?"

मायनं खुरपं बाजूला ठेवलं. मग पदर खोचला आणि सुरू झाली. एका खाटकानं बकरीला बाजारात नेलं. बकरी हुशार. खाटीक पाणी प्यायला बसला, तर दावं हिनंच त्याच्या गळ्यात घातलं आणि ओरडायला लागली, "घ्या हो घ्या, दोन पायाचा आहे, चारा खात नाई, निस्ती बिडी पेते!" पोट्टे हसून हसून लोळले. काकाजींनी चष्मा काढून डोळे पुसले. माझ्या मायकडं बघून इतकी माणसं हसली, आणि ती त्यात सगळ्यांत मोठ्यानं हसली, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्या दिवशी ती निंदणाला गेलीच नाही.

पुढच्या रविवारी काकाजींनी एक वही समोर ठेवली. मायची गोष्ट, तिच्याच बोलीत, तिच्या "मंग काय झालं" सकट, एका अक्षराचा फरक नाही. जुन्या कॅलेंडरचं कव्हर, कणकेच्या खळीनं चिकटवलेलं. वर नाव, 'बकरीचा बजार'. खाली, 'लेखिका यमुनाबाई'. आणि दाखल क्रमांक! विकतच्या पुस्तकांना असतो तसा. माझ्या मायचं नाव त्याआधी फक्त रेशनकार्डावर होतं हो.

मग तुमच्यापैकी किती जणांच्या आज्या, आया इथं लेखिका झाल्या. सगळ्यांच्या वह्यांचा तो खालचा कप्पा. एकदा तपासणीला साहेब आले, म्हणाले, ही कोणत्या प्रकाशनाची पुस्तकं? काकाजी म्हणाले, "घरगुती, साहेब." साहेबांनी एक उघडली आणि चहा थंड होईपर्यंत वाचत बसले.

आता जे सांगायला मी उभी आहे ते सांगते. मी चोर आहे.

लग्नाच्या आधी मी मायची ती वही घरी नेली, आणि सासरी जाताना पेटीत घातली. पुढच्या फेरीला परत करू म्हटलं. तेवढ्यात माय गेली. मग कशी देऊ? तिचा फोटोसुद्धा नव्हता आमच्याकडं. बोलणं तेवढं होतं, त्या वहीत. माहेरी यायची तर वाचनालयाची गल्ली टाळून मागून जायची. एकदा स्टँडवर काकाजी समोरच आले. मला वाटलं, आता मागतात. ते म्हणाले, "संगे, वाचून राह्यली का तिकडं कोणी?" मी म्हटलं, रोज वाचते, पोरीला. "मंग काई घाई नाई," म्हणाले, आणि माझी पिशवी उचलून बसमध्ये ठेवली.

परवा, ते गेल्यावर, मी हिंमत करून इथं आले. खालच्या कप्प्यापाशी बसले. सगळ्या वह्या दाटीवाटीनं उभ्या, आणि मध्ये एका वहीएवढी जागा रिकामी. तिथं पुठ्ठ्याचा तुकडा उभा केलेला. काकाजींचं अक्षर. 'यमुनाबाईची बकरी बाहेरगावी गेली आहे. येईल.'

इतकी वर्षं! दर दिवाळीला कप्पे झाडताना ते तो पुठ्ठा काढत असतील, पुसत असतील, पुन्हा ठेवत असतील. मला एका शब्दानं बोलले नाहीत. काकू, मी तिथंच बसून रडले.

मागच्या रविवारी पोट्टे आले, आणि दाराजवळची पाटी सरळच होती म्हणून परत गेले, असं ऐकलं. समितीत बोलणं चाललं आहे, आता रविवारी कोण येणार, बंदच ठेवू. सेक्रेटरीसाहेब, बंद ठेवू नका. मी येते. आठची बस मिळते मला. मोठं काही येत नाही, पण पाटी उलटी करता येते.

ही वही. माझ्या पोरीनं सगळी उतरून घेतली आहे, म्हणून आता परत करते. हिची जागा ठाऊक आहे मला.

काकाजी, तुमची बकरी आली वापस. उशीर झाला, माफ करजा.

आता सगळे उभे राहू या. एक मिनिट ती पाटी जे सांगते तसंच वागू, काकाजींसाठी. मिनिट झालं की मी जाऊन तिचं तोंड भिंतीकडं करीन. मग पोट्टेहो, गप्प बसायचं नाही. मोठ्या माणसांनी पण नाही.